शहाणे बाईंसाठी

आधी पाठ पुसली. ओल्या फडक्याने नाही,
चष्म्याच्या मऊ कापडाने, जुई म्हणाली तसं.
मग स्पीकरच्या जाळीत अडकलेलं
शेवेचं एक टोक, टूथपिकने.
कव्हरला अजून बामाचा वास येतो,
म्हणून नवं आणलं, मेनरोडवरून, एकशे ऐंशीला.
चार्जरची पिन ढिली आहे, रबरबँड लावला की चालते,
हे चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकलं.
खोड आधी सांगितलेली बरी.

भाऊ तीस वर्षं प्रेसमध्ये होते.
नोटांच्या न कापलेल्या तावांवरून नजर फिरवायची,
चूक दिसली की बोट ठेवायचं, त्याचाच पगार.
झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली, बोलणं गेलं,
कामाचं असं डाव्या हाताचं एक बोट उरलं.
त्या बोटासाठी हा टॅब.
चोवीस चौकोन, प्रत्येकात एक चित्र,
दाबलं की बोलणारं.

आत आयता आवाज होता कुणा बाईचा.
तिला ळ जमायचा नाही, पोळीला पोली म्हणायची.
भाऊंनी दोन दिवस ऐकून घेतलं,
तिसऱ्या दिवशी टॅब उशीखाली सरकवला.
तेव्हा जुईने चोवीसही चौकोन
स्वतःच्या आवाजात भरून दिले.
आठ वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले.

तर जेलरोडच्या त्या खोलीत तीन वर्षं
सत्तरी उलटलेला माणूस
फटीतून हवा जाणाऱ्या त्या आवाजात
चहात साखर कमी आहे म्हणायचा,
दाढी करून द्या म्हणायचा,
डॉक्टरांना मूर्ख म्हणायचा
(हा चौकोन त्यांनी हट्टाने मागून घेतलेला).
दसकच्या घाटावर खुर्ची नेली, पाणी समोर आलं,
तरी "गंगेवर" दाबतच बसायचे.
आलो की भाऊ, म्हटलं तरी.

आज हे सगळं पुसायचंय.
पासवर्ड सापडला गॅसच्या पुस्तकात, मागच्या पानावर,
माझ्याच अक्षरात.
पुसण्याआधी ॲपने एक तक्ता पुढे केला,
कुठला चौकोन किती वेळा. मी मागितला नव्हता.

नको, एक हजार चारशे बारा.
पाणी, सहाशे तीन.
गंगेवर, तीनशे सात.
मूर्ख, एकोणनव्वद. मला वाटलं होतं जास्त असेल.
दुखतंय, अकरा.
किती वाजले, पाच हजार दोनशे चाळीस.

घड्याळ पलंगाच्या समोरच होतं,
निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं, मोठ्या आकड्यांचं.
आणि नजर त्यांची शेवटपर्यंत शाबूत.

सर्व डेटा कायमचा जाईल. होय.
नक्की?
इथे मी उठलो, गॅलरीतले कपडे काढून आणले,
घड्या घातल्या, मोजेसुद्धा जोडीने लावले.
होय.

टॅब बंद झाला, उघडला, नमस्कार म्हणाला,
भाषा कोणती विचारू लागला,
कालच जन्मल्यासारखा.

शहाणे बाईंच्या सुनेने यादी पाठवली आहे.
चष्मा. उजेड. पंखा दोनवर. कूस बदला.
बाईंनी अर्ध्या गल्लीला गणित शिकवलं,
म्हणून तळाशी, दोनदा अधोरेखित: शांत बसा.
जुई आता बाराची आहे. दात आले, आवाज भरला.
शेजारचा मिक्सर चालू झाला की थांबते,
पुन्हा पहिल्यापासून म्हणते.
"शांत बसा" म्हणताना दोघंही हसलो, ते चार वेळा करावं लागलं.

यादी संपली, एक चौकोन रिकामा राहिला.
इथे काय?
तुला वाटेल ते, मी म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही,
टॅब तोंडाजवळ नेला.
किती वाजले?

आणि स्वयंपाकघरातून हिने,
पोळी तव्यावर टाकता टाकता, सवयीने सांगितलं,
साडेसहा.